पूर्वनिर्धारित शोधमार्ग आणि सॉफ्टवेअरची सुवाह्यता : एक ऐतिहासिक विवेचन

बीजसंज्ञा : कंपायलर, लिंकर, लायब्ररी, शोधमार्ग, सुवाह्यता, युनिक्स

प्रस्तावना

सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर सहज नेता येतो, हे विधान संगणकशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते. विधान खोटे नाही, परंतु अपुरे आहे. प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर नेण्याच्या या गुणाला पोर्टेबिलिटी म्हणतात; प्रस्तुत निबंधात त्यासाठी सुवाह्यता हा शब्द योजला आहे. ही सुवाह्यता भाषेच्या व्याकरणातून येते असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्षात तिचा बराच मोठा भाग भाषेच्या बाहेर, यंत्रावरील फाइली कोणत्या जागी ठेवायच्या याविषयीच्या अलिखित संकेतांवर उभा होता. ते संकेत जोवर सर्वत्र सारखे होते तोवर कोणाच्या लक्षात आले नाहीत, आणि वेगळे झाले तेव्हा दोष प्रोग्रामकडे गेला. या संकेतांचा इतिहास मांडणे हा येथील उद्देश आहे.

संगणकशास्त्राबाहेरील वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. कोणताही प्रोग्राम एकट्याने पूर्ण नसतो. वर्गमूळ काढणे, पडद्यावर अक्षरे उमटवणे, फाइल उघडणे ही कामे आधीच कोणीतरी लिहून ठेवलेली असतात. अशा तयार भागांच्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात. कंपायलर आपल्या मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. त्यानंतर लिंकर नावाचा प्रोग्राम त्यातील अपुऱ्या जागा लायब्ररीतील भागांनी भरतो. त्यासाठी लायब्ररीची फाइल कोठे आहे हे लिंकरला ठाऊक हवे. प्रोग्राम लिहिणारा ते सहसा सांगत नाही. न सांगता लिंकर ज्या ठराविक जागा ठराविक क्रमाने धुंडाळतो, त्या यादीला पूर्वनिर्धारित शोधमार्ग म्हणतात.

गावातल्या गावात पाठवलेल्या पत्रावर पूर्वी गावाचे नाव नसे. ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढे पुरत असे, कारण उरलेला पत्ता पोस्टमनच्या डोक्यात असे. तेच पत्र परगावच्या पेटीत पडले तर ते पोहोचत नाही, आणि पत्रातील मजकुराचा त्याच्याशी काही संबंध नसतो. शोधमार्ग म्हणजे पोस्टमनच्या डोक्यातील तो उरलेला पत्ता होय.

कपाटातील लायब्ररी

लायब्ररी हा शब्द या क्षेत्रात आरंभी अगदी शब्दशः वापरला जात होता. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी आपला पहिला प्रोग्राम चालवला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये या यंत्रावरील प्रोग्राम लेखनाविषयी जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचा गाभा सबरूटीनच्या लायब्ररीचाच होता. प्रत्येक सबरूटीन छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर असे, आणि त्या फिती पोलादी कपाटात वर्गवार ठेवलेल्या असत. ज्याला वर्गमूळ हवे त्याने कपाटातून ती फीत काढायची, यंत्राच्या साह्याने तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवायची आणि मूळ फीत जागेवर ठेवायची. व्हीलर यांनी तयार केलेल्या आरंभिक आज्ञा त्या तुकड्यातील पत्ते स्मृतीतील जागेनुसार दुरुस्त करून घेत.

या पद्धतीत शोधण्याचे काम माणूस करीत होता. त्यामुळे फीत कोठून आली याविषयी संदिग्धता राहत नव्हती, आणि तयार झालेल्या प्रोग्रामच्या फितीत लायब्ररीचा भाग प्रत्यक्ष उतरलेला असे. केंब्रिजचे ते कपाट उद्या दुसऱ्या खोलीत हलवले असते तरी आधी तयार झालेल्या एकाही प्रोग्रामला त्याची झळ पोहोचली नसती.

१९६४ मध्ये घोषित झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० या यंत्रमालिकेत शोधण्याचे काम यंत्राकडे गेले. तरी कोठे शोधायचे हे लिहून देण्याची रीत राहिली. तेथे प्रत्येक कामासोबत जॉब कंट्रोल लँग्वेजमधील कार्डे द्यावी लागत, आणि जोडणीसाठी कोणती लायब्ररी वापरायची हे ‘सिसलिब’ या नावाच्या विधानात नोंदवलेले असे. व्यवहारात ही विधाने तयार कार्यपद्धतींमधून आपोआप भरली जात, म्हणजे तेथेही एक प्रकारचे पूर्वनिर्धारण होतेच. परंतु ते वाचता येण्याजोग्या मजकुरात होते, आणि कामाच्या छापील नोंदीत उमटत असे. आयबीएमच्या या भाषेची क्लिष्टता हा पुढे कुचेष्टेचा विषय झाला. तिच्या या एका गुणाची दखल मात्र फारशी कोणी घेतली नाही.

युनिक्समधील दोन जागा

बेल प्रयोगशाळेत केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी उभारलेल्या युनिक्स प्रणालीचा स्वभाव याच्या अगदी उलट होता. कमी टंकावे, कमी सांगावे, नेहमीच्या गोष्टी गृहीत धराव्यात, अशी तेथील वृत्ती होती. लिंकरला वजाचे चिन्ह आणि त्यापुढे ‘एल’ हे लहान लिपीतील अक्षर दिले की ते लायब्ररीच्या नावाचे संक्षिप्त रूप ठरत असे. आरंभीच्या आवृत्त्यांत त्यापुढे एकच अक्षर येई : सी भाषेच्या लायब्ररीसाठी ‘सी’, फोर्ट्रानसाठी ‘एफ’. संपूर्ण पत्ता लिंकर स्वतः तयार करीत असे.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत हा नियम स्पष्ट शब्दांत आहे. दिलेल्या नावाची लायब्ररी आधी ‘/लिब’ या डिरेक्टरीत पाहावी, तेथे नसेल तर ‘/यूएसआर/लिब’ मध्ये पाहावी. आज लाखो यंत्रांवर आढळणाऱ्या शोधमार्गांचे मूळ या साध्या नियमात दिसते. प्रश्न असा की जागा दोन का होत्या?

त्याचे उत्तर कोणत्याही तत्त्वात सापडत नाही. ते तबकडीच्या आकारात सापडते. रिची यांनी स्वतः लिहिलेल्या युनिक्सच्या इतिहासानुसार त्यांच्या पहिल्या पीडीपी-११ यंत्राची मुख्य स्मृती २४ किलोबाइट आणि तबकडी ५१२ किलोबाइट एवढीच होती. ‘/यूएसआर’ ही मुळात वापरकर्त्यांच्या खासगी फाइलींची जागा होती, आणि तिचे नावही ‘यूजर’ या शब्दावरून आले. प्रणाली वाढत गेली तशी मूळ तबकडी अपुरी पडली, आणि प्रणालीच्याच फाइली वापरकर्त्यांच्या जागेत जाऊन बसल्या. घरातील सामान वाढल्यावर पाहुण्यांच्या खोलीत पेट्या रचाव्यात, तसा हा प्रकार होता. पाहुण्यांची घरे पुढे अन्यत्र हलवली गेली आणि पेट्या तेथेच राहिल्या. यंत्र सुरू होताना लागणाऱ्या फाइली ‘/लिब’ मध्ये आणि उरलेल्या ‘/यूएसआर/लिब’ मध्ये, असे समर्थन नंतर दिले गेले. त्यात तथ्य आहे, पण कालक्रमाने ते मागाहून आलेले आहे. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०१२ मध्ये सतराव्या आवृत्तीत दोन्ही जागा एकत्र केल्या, तेव्हा या विभागणीचे व्यावहारिक प्रयोजन संपून बराच काळ लोटला होता.

पुढे प्रत्येक संस्थेने स्वतः भर घातलेल्या फाइलींसाठी ‘/यूएसआर/लोकल’ ही तिसरी जागा रूढ झाली. ‘लोकल’ म्हणजे स्थानिक. या शब्दातच तिची मर्यादा सांगितलेली होती. ग्नू प्रकल्पाच्या सॉफ्टवेअरने मात्र स्वतःच्या स्थापनेसाठी हीच जागा पूर्वनिर्धारित केली, आणि जी जागा एका संस्थेपुरती होती ती जगभरच्या सॉफ्टवेअरचा नेहमीचा पत्ता बनली.

सुवाह्यतेचा प्रयोग आणि मानकांचे मौन

१९७७ मध्ये युनिक्स प्रथमच पीडीपी कुळाबाहेरील यंत्रावर गेली. ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी ती इंटरडेटा ७/३२ या यंत्रावर नेली. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत स्टीव्हन जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी ती इंटरडेटा ८/३२ वर नेली. जॉन्सन आणि रिची यांचा १९७८ मधील निबंध हा सुवाह्यतेच्या चर्चेतील आधारग्रंथ समजला जातो. शब्दाची लांबी, बाइटांचा क्रम, पॉइंटर आणि पूर्णांक यांतील घोळ अशा अडचणींचे त्यात मूलगामी विवेचन आहे.

या प्रयोगात शोधमार्ग हा प्रश्न म्हणून पुढे येण्याचे कारणच नव्हते. नव्या यंत्रावर नुसते प्रोग्राम गेले नव्हते, संपूर्ण युनिक्सच गेली होती, आणि तिच्यासोबत डिरेक्टऱ्यांची रचनाही. पत्र परगावी गेले, पण पोस्टमनही त्याच्याबरोबर गेला. त्यामुळे जी सुवाह्यता सिद्ध झाली ती भाषेची आणि प्रणालीची मिळून होती. श्रेय मात्र कालांतराने भाषेच्या एकटीच्या खात्यावर जमा झाले. प्रस्तुत लेखकाच्या मते पाठ्यपुस्तकांतील अपुऱ्या विधानाचे मूळ येथे आहे.

मानके तयार करणाऱ्यांना हा प्रश्न दिसत नव्हता असे नाही. १९८९ च्या अमेरिकन मानकाने सी भाषेची लायब्ररी फंक्शनवार निश्चित केली, परंतु प्रमाणित हेडर फाइली कोठे शोधायच्या हे त्या त्या कंपायलरच्या निर्णयावर सोडले. १९९२ च्या पोसिक्स मानकाने कंपायलरच्या आज्ञेचे स्वरूप ठरवून दिले. लायब्ररीचे नाव देणारा लहान ‘एल’ आणि शोधण्याची जादा जागा सांगणारा मोठ्या लिपीतील ‘एल’, हे दोन्ही पर्याय त्यात आले. सांगितलेल्या जागा पाहून झाल्यावर ‘नेहमीच्या जागा’ पाहाव्यात, एवढे सांगून मानक थांबले. त्या नेहमीच्या जागा कोणत्या, हे लिहिले गेले नाही. हे मौन समजण्यासारखे आहे. त्या वेळी परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या युनिक्स प्रणाली बाजारात होत्या, आणि कोणाचीही डिरेक्टरी रचना मानकात घेतली असती तरी इतरांचा विरोध अटळ होता.

एकाच यंत्रात दोन लायब्ऱ्या

या मौनाची किंमत काय होती, हे सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिस प्रणालीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. सन कंपनीची आरंभीची प्रणाली बर्कलीच्या युनिक्स शाखेवर आधारलेली होती. १९९२ मध्ये आलेल्या सोलारिस २ मध्ये कंपनीने एटी अँड टीच्या सिस्टिम पाच या शाखेच्या चौथ्या आवृत्तीचा स्वीकार केला. जुन्या ग्राहकांचे प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून बर्कली वळणाची फंक्शने ‘/यूएसआर/यूसीबीलिब’ या वेगळ्या डिरेक्टरीत ठेवण्यात आली, आणि त्या डिरेक्टरीकडे वळणारा एक कंपायलरही ‘/यूएसआर/यूसीबी’ मध्ये उपलब्ध राहिला. हेतू चांगला होता. परिणामी एकाच यंत्रावर, एकाच नावाची परंतु वेगळ्या वर्तनाची फंक्शने दोन जागी नांदू लागली.

त्यातून निर्माण झालेला एक दोष त्या काळी बराच परिचित होता. डिरेक्टरीतील फाइलींची नावे वाचणारा प्रोग्राम कोणत्याही तक्रारीशिवाय तयार होई, चालेही; मात्र त्याने दाखवलेल्या प्रत्येक नावातील पहिली दोन अक्षरे गायब असत. सोर्स कोड तपासणाऱ्याला त्यात काहीच चूक सापडत नसे, कारण चूक तेथे नव्हतीच. डिरेक्टरीतील एका नोंदीचा आराखडा दोन्ही शाखांत भिन्न होता. बर्कलीच्या पद्धतीत नावाच्या आधी आठ बाइटांची माहिती असे, सिस्टिम पाचच्या पद्धतीत दहा बाइटांची. कंपायलरने आराखड्याची हेडर फाइल सिस्टिम पाचच्या जागेतून घेतली आणि लिंकरने फंक्शन मात्र बर्कलीच्या लायब्ररीतून घेतले, तर प्रोग्राम दहा बाइट सोडून नाव वाचू लागे. प्रत्यक्षात नाव आठ बाइटांनंतरच सुरू झालेले असे. दहातून आठ गेले, दोन अक्षरे हरवली.

हा हिशेब इतका सरळ आहे की तो पाहिल्यावर हसू येते. त्याचे गांभीर्य मात्र दुर्लक्ष करण्यासारखे नाही. यंत्र एकच, भाषा एकच, प्रोग्रामचा मजकूर अक्षरशः एकच. बदलला तो केवळ दोन डिरेक्टऱ्यांचा क्रम. तो क्रम प्रोग्राममध्ये कोठेही लिहिलेला नव्हता. वापरकर्त्याने कोणता कंपायलर आधी सापडेल अशी मांडणी केली होती, यावर ते अवलंबून होते. लायब्ररी अजिबात सापडली नाही तर लिंकर निदान थांबतो आणि तसे सांगतो. चुकीची लायब्ररी सापडली तर तो काहीच बोलत नाही. शोधमार्गाच्या इतिहासातील खरे नुकसान या दुसऱ्या प्रकारात झाले आहे.

दोन वेळा होणारा शोध

येथवर शोध एकदाच, प्रोग्राम तयार होताना होत असे. १९८८ च्या सुमारास सनओएस ४.० मध्ये सामायिक लायब्ऱ्या आल्या. या पद्धतीत लायब्ररीचा भाग प्रोग्राममध्ये उतरत नाही, केवळ तिचे नाव नोंदले जाते, आणि प्रोग्राम सुरू होताना लोडर तिला शोधून जोडतो. स्मृतीची आणि तबकडीची यामुळे मोठी बचत झाली. लायब्ररीतील एक दोष दुरुस्त केला की तिच्यावर अवलंबून असलेले सर्व प्रोग्राम आपोआप दुरुस्त होऊ लागले. याच बदलाने शोधही दोन झाले : लिंकरचा पहिला आणि लोडरचा दुसरा. त्यांच्या याद्या सारख्याच असतील अशी हमी कोणी दिलेली नव्हती.

लिनक्सवर काम करणाऱ्या अनेकांना याचा अनुभव असतो. ग्नू लिंकर सर्वसाधारणपणे ‘/यूएसआर/लोकल/लिब’ मध्ये पाहतो. डेबियनमध्ये लोडरच्या यादीतही ही जागा घातलेली असते. रेड हॅटच्या परंपरेतील वितरणांत ती नसते. त्यामुळे स्वतः तयार करून तेथे बसवलेली लायब्ररी वापरणारा प्रोग्राम दोन्हीकडे निर्वेधपणे तयार होतो, पण दुसऱ्या ठिकाणी सुरू होताच ‘सामायिक लायब्ररी उघडता येत नाही’ अशी तक्रार करून थांबतो. फ्रीबीएसडीवर याच्याही एक पायरी आधी अडते. तेथील मूळ कंपायलर ‘/यूएसआर/लोकल’ कडे न सांगता पाहतच नाही, आणि बाहेरील सर्व सॉफ्टवेअर मात्र तेथेच बसते. लिनक्सवर वाढलेला प्रोग्राम तेथे गेला की हेडर फाइल सापडत नाही म्हणून कंपायलरच अडतो. तीन प्रणाली, तीन वेगवेगळी वर्तने, आणि प्रत्येकीचे आपापले समर्थन तर्कशुद्ध आहे.

लोडरची यादी बदलण्यासाठी ‘एलडी लायब्ररी पाथ’ या नावाचे परिस्थितिचल उपलब्ध करून देण्यात आले. वापरकर्त्याने त्यात डिरेक्टरी लिहिली की लोडर ती आधी पाहतो. सोय मोठी होती, धोकाही तेवढाच. नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्ट या सुरक्षा समन्वय संस्थेने टेलनेट सेवेविषयी एक इशारा प्रसिद्ध केला. दूरच्या यंत्रावर प्रवेश मागताना वापरकर्ता आपली परिस्थितिचले सोबत पाठवू शकत होता, आणि काही प्रणालींवर ती प्रवेश तपासणाऱ्या प्रोग्रामपर्यंत जशीच्या तशी पोहोचत होती. हल्लेखोराने स्वतः तयार केलेली लायब्ररी त्या यंत्रावर आधी ठेवली आणि शोधमार्गात तिचा पत्ता दिला, की ओळख तपासणारा प्रोग्रामच त्याच्या ताब्यात जाई. विंडोज प्रणालीतही हा प्रश्न वेगळ्या वेषात आला. चालू डिरेक्टरीतील लायब्ररी उचलण्याच्या तेथील सवयीविषयी मायक्रोसॉफ्टला ऑगस्ट २०१० मध्ये स्वतंत्र सूचना काढावी लागली. कोठे शोधावे हा सोयीचा प्रश्न आहे असे मानले गेले होते. तो विश्वासाचाही प्रश्न निघाला.

विचारून पाहण्याची पद्धत आणि ठरवून देण्याची पद्धत

संकेत एकसारखे राहिले नाहीत तेव्हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी यंत्रालाच विचारण्यास सुरुवात केली. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ हे साधन तयार केले. त्यातून निर्माण होणारी ‘कॉन्फिगर’ नावाची आज्ञावली नव्या यंत्रावर पोहोचताच छोटे छोटे प्रोग्राम लिहून, ते कंपायल होतात का हे पाहून, कोणती लायब्ररी उपलब्ध आहे याचा अंदाज घेते. एखाद्या सरकारी कचेरीत नव्याने बदलून आलेला कारकून प्रत्येक कपाट उघडून पाहतो, तशी ही रीत. ती यशस्वी झाली यात शंका नाही. एका पिढीचे मुक्त सॉफ्टवेअर तिच्याच आधारे जगभर पोहोचले. परंतु शेदोनशे ओळींच्या प्रोग्रामसोबत हजारो ओळींची कॉन्फिगर आज्ञावली जाऊ लागली, हे दृश्य सुवाह्यता भाषेतून मिळते या विधानाशी जुळणारे नाही. त्या हजारो ओळी म्हणजे पूर्वी पोस्टमनच्या डोक्यात असलेल्या पत्त्याची विलंबाने झालेली लेखी नोंद होय. हे श्रम ज्यांनी केले त्यांची नावे संगणकाच्या इतिहासात क्वचितच येतात.

बेल प्रयोगशाळेतील त्याच मंडळींनी पुढे उभारलेल्या प्लॅन नाइन प्रणालीत या प्रश्नाला एक सुटसुटीत उत्तर होते. तेथे हेडर फाइलीतच तिची लायब्ररी कोणती हे लिहिलेले असे, आणि लिंकर ती स्वतःहून घेत असे. प्लॅन नाइनचा प्रसार झाला नाही, आणि हा विचारही सर्वसामान्य सी कंपायलरमध्ये रुजला नाही.

दुसरा प्रयत्न ठरवून देण्याचा होता. फेब्रुवारी १९९४ मध्ये लिनक्सच्या फाइल रचनेचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. पुढे त्याची व्याप्ती वाढून ते फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याची तिसरी आवृत्ती २०१५ मध्ये आली. मानक असूनही मतभेद मिटले नाहीत. २००३ पासून एएमडीची ६४ बिटांची यंत्रे आली, तेव्हा एकाच यंत्रावर ३२ आणि ६४ बिटांच्या लायब्ऱ्या शेजारी ठेवण्याची गरज निर्माण झाली. रेड हॅट आणि सुसे यांनी ६४ बिटांसाठी ‘लिब६४’ ही नवी डिरेक्टरी घेतली, आणि मानकानेही तिला मान्यता दिली. डेबियनने ते स्वीकारले नाही. प्रत्येक यंत्रकुळाच्या नावाची वेगळी उपडिरेक्टरी करावी, म्हणजे पुढे कितीही कुळे आली तरी अडचण येणार नाही, असा त्यांचा पक्ष होता. तात्त्विक दृष्ट्या डेबियनची मांडणी अधिक व्यापक आहे असे म्हणावे लागते.

ती प्रत्यक्षात आली तेव्हा मात्र जुन्या गृहीतकांचे ऋण फेडावे लागले. एप्रिल २०११ च्या उबुंटू ११.०४ मध्ये लायब्ऱ्या नव्या उपडिरेक्टरीत हलल्या, आणि पायथॉन भाषेच्या आधीच्या आवृत्त्या सोर्स कोडपासून तयार करणाऱ्यांना विचित्र अनुभव येऊ लागला. पायथॉनची बांधणी करणारी आज्ञावली झेडलिब या संकोचन लायब्ररीची फाइल ठराविक डिरेक्टऱ्यांत स्वतः शोधत होती. ती तेथे दिसली नाही म्हणून तो भाग वगळून तिने उरलेले पायथॉन तयार केले. लायब्ररी यंत्रावर होती, लिंकरलाही ती सापडली असती. शोधमार्गाची जुनी नक्कल बाळगून बसलेल्या त्या आज्ञावलीला मात्र ती दिसली नाही.

संशोधनातील परिणाम

हा विषय केवळ संगणक विभागाचा नाही, हे येथे नोंदवणे आवश्यक वाटते. आज पदार्थविज्ञान, जीवशास्त्र, अर्थशास्त्र अशा अनेक विषयांतील निष्कर्ष प्रोग्रामच्या साह्याने काढले जातात. महासंगणकांवर एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी ठेवलेल्या असतात, आणि हवी ती निवडण्यासाठी ‘मॉड्यूल’ ही आज्ञा वापरतात. तिची संकल्पना जॉन फर्लानी यांनी १९९१ मध्ये मांडली. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये कार्यान्वित झालेल्या परम ब्रह्मसारख्या यंत्रावर काम करणारा संशोधक आधी असे मॉड्यूल निवडतो, म्हणजेच त्या बैठकीपुरता आपला शोधमार्ग ठरवतो. हा निर्णय त्याच्या प्रोग्राममध्ये नसतो. बहुधा शोधनिबंधातही नसतो. रेषीय बीजगणिताच्या दोन लायब्ऱ्या एकाच नावाचे फंक्शन पुरवतात, आणि बेरजेचा क्रम वेगळा असल्यामुळे अखेरच्या काही दशांश स्थळांत फरक पडू शकतो. दुसऱ्या महाविद्यालयातील अभ्यासकाने तोच प्रोग्राम चालवून वेगळे उत्तर मिळवले, तर चूक कोणाची हे ठरवण्याचा पुरावा उपलब्ध नसतो. प्रयोगशाळेच्या वहीत रसायनाची बाटली कोणत्या कंपनीची होती हे लिहिण्याचा दंडक आपण पाळतो. लायब्ररीबाबत तो अद्याप रूढ झालेला नाही, आणि परीक्षकांनी त्याचा आग्रह धरण्यास हरकत नसावी.

नाहीसे होणारे पत्ते

गेल्या दशकात काही जुने पत्ते अक्षरशः नाहीसे झाले आहेत. ॲपलच्या मॅकओएस मोहावे या २०१८ च्या आवृत्तीपासून हेडर फाइलींची ‘/यूएसआर/इन्क्लूड’ ही परंपरागत जागा वापरातून गेली. २०२० च्या बिग सर आवृत्तीत त्याहून मोठा बदल झाला. प्रणालीच्या सामायिक लायब्ऱ्या एका एकत्रित साठ्यात गेल्या, आणि त्यांच्या स्वतंत्र फाइली तबकडीवर राहिल्या नाहीत. लायब्ररी आहे, लोडरला ती मिळते, पण पूर्वीच्या पत्त्यावर पाहिले तर तेथे फाइल दिसत नाही. फाइल आहे का हे तपासून निर्णय घेणारे प्रोग्राम त्यामुळे अडखळले. याच सुमारास ॲपलने स्वतःच्या प्रोसेसरची यंत्रे आणली, आणि होमब्रू या लोकप्रिय साधनाने त्यांच्यासाठी ‘/यूएसआर/लोकल’ सोडून ‘/ऑप्ट/होमब्रू’ ही जागा घेतली. पूर्वीची जागा ॲपलच्या कंपायलरच्या पूर्वनिर्धारित यादीत होती, नवी नव्हती. इंटेल यंत्रांवर वर्षानुवर्षे काही न सांगता तयार होणारे प्रोग्राम नव्या यंत्रांवर थांबले, आणि आपण इतकी वर्षे एका सवलतीवर अवलंबून होतो हे अनेकांना तेव्हा प्रथमच कळले.

सर्वांत टोकाची भूमिका नेदरलँड्समधील एल्को डोल्स्ट्रा यांची आहे. युट्रेख्ट विद्यापीठातील २००६ च्या प्रबंधात त्यांनी निक्स या व्यवस्थेचे विवेचन केले. तिच्यात सामायिक अशी ‘/यूएसआर/लिब’ नाहीच. प्रत्येक लायब्ररी स्वतंत्र डिरेक्टरीत राहते, आणि त्या डिरेक्टरीच्या नावात ती लायब्ररी कशापासून व कशी तयार झाली यावरून काढलेला संकेतांक असतो. प्रोग्रामला लागणाऱ्या प्रत्येक लायब्ररीचा संपूर्ण पत्ता त्याच्या फाइलीतच लिहिला जातो. गृहीत धरण्यासारखे काही शिल्लकच ठेवायचे नाही, हा त्यामागील विचार. लुडोविक कुर्टेस यांनी २०१२ मध्ये सुरू केलेला ग्विक्स प्रकल्पही याच वाटेने गेला. तबकडीवरील जागा आणि शिकण्याचे श्रम या दोन्ही दृष्टींनी ही व्यवस्था महाग आहे, आणि नवशिक्या विद्यार्थ्याला पहिला प्रोग्राम शिकवताना तिचा आग्रह धरणे प्रस्तुत लेखकाला योग्य वाटत नाही. एका प्रयोगशाळेपुरते, एका वर्गापुरते पूर्वनिर्धारण ही चांगलीच सोय आहे. अडचण येते ती त्या वर्गाबाहेर जाताना काय काय गृहीत धरले होते याची यादी कोणाजवळ नसते तेव्हा.

निक्सवर आधारलेल्या निक्सओएस या लिनक्स वितरणात बाहेर तयार झालेले प्रोग्राम सहसा चालत नाहीत. सर्वसामान्य लिनक्ससाठी बनलेल्या प्रत्येक प्रोग्राममध्ये लोडरचा पत्ता म्हणून ‘/लिब६४’ मधील एक ठराविक फाइल नोंदलेली असते, आणि निक्सओएसमध्ये तो लोडर तेथे नसतो. पूर्वी अशा वेळी ‘फाइल सापडत नाही’ एवढाच संदेश येई, आणि समोर दिसत असलेला प्रोग्राम सापडत नाही म्हणजे काय, हे वापरकर्त्याला उमगत नसे. २०२४ मध्ये निक्सओएसच्या निर्मात्यांनी त्या जुन्या पत्त्यावर एक लहानसा प्रोग्राम ठेवला. तो कोणतीही लायब्ररी शोधत नाही. बाहेरून आलेला प्रोग्राम येथे असाच चालू शकणार नाही, एवढे वापरकर्त्याला सांगणे हेच त्याचे काम आहे.